एका बाजूचे दोघे

तुरीन, इटली
११ मे २०२५

प्रिय आते,

पाया पडतो. समोर असतो तर तू पाय ओढून घेतले असतेस, त्यापेक्षा लांबून पडलेलं बरं.

हरलो. उपांत्य फेरीत, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावं तर शेजारच्या पलंगावर विनायक झोपलेला असतो, म्हणून हरण्याच्या बातम्या तुला नेहमी लिहूनच येतात. पण या वेळचं हरणं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याला तू जबाबदार आहेस.

दुहेरीत दोन पॉइंटच्या मधे जोडीदार कुजबुजताना तू बघितलेत. सगळे तोंडावर चेंडू धरून बोलतात, पलीकडच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. मी आणि विनायकने नऊ वर्षांत कधी तोंड झाकलं नाही. आमची भाषा या धंद्यात कुणाला कळणार? खुणेचे शब्दसुद्धा आम्ही इब्रामपूरला तुझ्या स्वयंपाकघरातून उचललेले. 'जनेल' म्हणजे नेटवरचा माणूस सरकला की त्याने उघड्या टाकलेल्या खिडकीतून सरळ मारायचं. 'कुलेर' म्हणजे चमच्याने उचलल्यासारखा चेंडू डोक्यावरून टाकायचा. 'कदेल' म्हणजे खुर्चीवर बसल्यासारखं जागचं हलायचं नाही. जर्मनांसमोर, जपान्यांसमोर, सगळ्यांसमोर हे आम्ही बिनधास्त ओरडलो आणि जिंकलोही.

काल पलीकडे रुई नावाचा एक पोर्तुगीज होता.

आते, डोक्यात आलंच नाही गं. हे शब्द आपल्या गोव्यात कुठून आले ते तू चौथीच्या पोरांना शिकवायचीस, आणि तुझा भाचा ते एका पोर्तुगिजाच्या तोंडावर ओरडत होता. विनायक 'कुलेर' म्हणाला की रुई दोन पावलं मागे. मी 'जनेल' म्हणालो की तो खिडकी लावून उभा. आम्हाला वाटलं माणूस मनातलं वाचतो. मॅच संपल्यावर नेटपाशी आला आणि म्हणाला, "तुमची जनेलं आणि कुलेरी माझ्या आजीच्या घरातही आहेत." विनायक तिथेच मातीत बसकण मारून हसत सुटला. लाईन्समननासुद्धा कळेना, हरलंय कोण.

बाकी ठीक. विनायकचा गुडघा जरा कुरकुरतो, पण तो म्हणतो इथल्या मातीच्या कोर्टामुळे. रुईने उद्या कॉफीला बोलावलंय. मला एकट्याला. का ते बोलला नाही.

बाबांना विचारलंय म्हणून सांग.

तुझा
साईश

*

इब्रामपूर
१४ मे २०२५

चि. साईश,

पाय ओढून घेतले असं समज. आशीर्वाद त्याआधीच दिला.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की टॅब मांडीवरून खाली पडला. तुझे आजोबा, म्हणजे माझे बाबा, पोर्तुगीज पोलिसांना चुकवून रानवाटेने पलीकडची वर्तमानपत्रं गावात आणायचे. आता त्यांचा नातू त्याच लोकांच्या शब्दांनी त्यांच्याच माणसाकडून हरून येतो. बाबा वर कपाळाला हात लावून बसले असतील. यापुढे खुणांना आपले शब्द घ्या. पाटा, वरवंटा, काय हवं ते घ्या.

कॉफीचं मला विशेष वाटत नाही. तुमचं चोरून ऐकलं याची त्याला लाज वाटली असेल, माफी मागायची असेल. पण एकट्याला बोलावणं काही बरं दिसत नाही. विनायकलाही घेऊन जा. तू कुठे गेलास की त्याचं जेवणाखाण्याचं भान सुटतं, हे मी दोघांना शाळेपासून बघत आले आहे.

आज बुधवार, डिचोलीच्या बाजारात गेले होते. तुझा बाबा बरा आहे. खाणी बंद झाल्यापासून दारात उभा असलेला ट्रक अजून रोज पुसतो, त्यामुळे व्यायाम होतो. हौसा भेटलीच. नेहमीसारख्या आम्ही दोघी पायरीवर बसून भाजी-पाव खाल्ला. जगात तिचं एकटीचंच बोलणं मला ओठांवरून पूर्ण कळतं, आणि तीही इतकं बोलते की कान असते तरी उपयोग झाला नसता. पण आज ती कमी बोलली. विनायक आईशीसुद्धा फोनवर 'बरा हाय' एवढंच म्हणतो, अशी तक्रार होती. मी तिला सांगितलं, गुडघा कुरकुरतोय पण ते मातीमुळे. तिने उरलेला पाव पिशवीत ठेवून दिला. आंब्याची पाटी घेऊन आली होती, दमली असेल.

मानकुराद आंबा यंदा चांगला लागलाय. तुम्ही दोघं नाही, म्हणून माकडांची चैन आहे.

तुझी
आते

*

बोर्दो, फ्रान्स
१८ मे २०२५

प्रिय आते,

तुझा अंदाज चुकला. रुईला माफी मागायची नव्हती. त्याला मी हवा आहे.

त्याचा जोडीदार खेळणं सोडतोय. जूनच्या गवतावरच्या स्पर्धांपासून पुढे माझ्याबरोबर खेळायचं त्याच्या मनात आहे. तो क्रमवारीत माझ्यापेक्षा बराच वर आहे, आणि दुहेरीत प्रवेश देताना दोघांची क्रमवारी मिळवून बघतात. मी आणि रुई मिळून विंबल्डनच्या मुख्य फेरीत. मी आणि विनायक मिळून दरवाजाबाहेर, दरवर्षीसारखे.

आते, मी चौतीस वर्षांचा झालो. नऊ वर्षं दुहेरीवर जगतोय. स्वस्तातल्या हॉटेलची खोली, दोन पलंग, मधे वाळत घातलेले मोजे. आमची मॅच बघायला जे येतात ते बहुतेक पुढच्या मॅचसाठी जागा धरायला आलेले असतात. त्याचं मला काही नाही, मला हे आवडतं. पण चार मोठ्या स्पर्धांपैकी एकाही स्पर्धेत मी अजून मुख्य फेरीचा एक चेंडू मारलेला नाही. एकही नाही. रुईने ते इतक्या सहज म्हटलं, जणू बाजारात जाताना माझी पिशवी घेऊ का विचारत होता.

विनायकला सांगितलेलं नाही. इथे आल्या दिवशीच त्याचं पोट बिघडलं, म्हणून या आठवड्यातून आम्ही नाव काढून घेतलंय. तो पलंगावर पडून टीव्हीवर सायकलींची शर्यत बघतोय आणि मी त्याच्याकडे पाठ करून तुला हे लिहितोय. कुणाला लिहितोस म्हणून त्याने विचारलं. तुला, म्हटलं. म्हणाला, बाईंना माझा नमस्कार सांग. तो तुला पोचवतो.

रुईला पुढच्या रविवारपर्यंत उत्तर हवंय. आमच्या धंद्यात जोड्या रोज मोडतात, बहुतेक मेसेजवर, दोन ओळींत. मला ते जमणार नाही आणि तोंडावर सांगायलाही जमत नाहीये. तू सांग, काय करू. तू सांगशील ते करीन. हौसा मावशीला मात्र यातलं अक्षर बोलू नकोस, शपथ आहे.

साईश

*

इब्रामपूर
२१ मे २०२५

चि. साईश,

विचारलंस म्हणून सांगते. नाही.

तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. खाणीच्या कॉलनीत साहेबांचं एकच कोर्ट होतं, सिमेंटचं, धुळीने लाल झालेलं. मी साहेबांच्या मुलांना मराठी शिकवायला जायची, म्हणून तुला संध्याकाळी अर्धा तास मिळाला. हौसाचा नवरा जयवंत तिथली बाग बघायचा, म्हणून विनायकलाही अर्धा तास मिळाला. पण अर्धा तास तोच. दोन साहेब एका बाजूला, म्हणून तुम्ही दोघं दुसऱ्या बाजूला. एकट्याने खेळायची पाळीच तुमच्यावर कधी आली नाही. तुम्ही दुहेरीचे खेळाडू झालात ते तेव्हाच. लोकांना वाटतं तुम्ही ते पुढे ठरवलंत.

तुझं मनगट मोडलं त्या वर्षी त्याला तीन जणांनी बोलावलं होतं. तो कुणाकडेही गेला नाही. सहा महिने डिचोलीला येऊन पोरांना शिकवत बसला आणि तू विचारलंस तेव्हा म्हणाला, कंटाळा आला होता फिरण्याचा. तू ते खरं मानलंस. मी तेव्हाही मानलं नव्हतं.

विंबल्डन मोठं आहे हे मला कळतं. मी अडाणी नाही. पण ज्याने तुझ्यासाठी सहा महिने खोटा कंटाळा केला, त्याच्याकडे पाठ करून तू पत्रं लिहितोस हे मला बघवत नाही.

आणि माझं काय करून ठेवलंस? आज बाजारात मी पहिल्यांदाच हौसाला चुकवलं. ती मिरच्यांपाशी दिसली आणि मी पुढच्या गल्लीत वळले. मागून हाक मारली तर ऐकू आली नाही म्हणून सांगेन, एवढा तरी बहिरेपणाचा फायदा. थोडं पुढे जाऊन वळून बघितलं तर ती हाक मारतच नव्हती. माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिलाही काही कळलंय की काय, देव जाणे. मी काही बोललेले नाही.

विनायकला पोटासाठी भाताची पेज दे. तिथे मिळत नसेल तर तू कर, तांदूळ सगळीकडे मिळतो.

आते

*

बोर्दो
२२ मे २०२५

प्रिय आते,

ठीक आहे. रविवारी रुईला नाही म्हणून कळवतो.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, म्हणूनच राग येतो. खोटं असतं तर भांडलो असतो. तुझ्यावर रागावून मला दोन दिवसांच्या वर राहता येत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे हे दोन दिवस मला दे.

एवढंच, की विंबल्डन मला आतून बघायचं होतं. तिकीट काढून नव्हे.

पेज केली. त्याने दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, बाईंसारखी झाली नाही.

साईश

*

इब्रामपूर
२४ मे २०२५

साईश,

रुईला काही कळवू नकोस. हे वाचशील तिथे थांब.

काल सकाळी हौसा आली. डिचोलीहून बस बदलत, एकटी. बावीस वर्षांच्या ओळखीत ती अशी न सांगता कधी आली नव्हती. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, पिशवीतून भाकऱ्या काढून ठेवल्या आणि मग जे सांगायला आली होती ते सांगितलं. सांगण्याआधी माझा हात तिने आपल्या गळ्यावर ठेवून घेतला, साईशला बोलायचं नाही म्हणून. मी शपथ घेतली.

म्हणजे आता माझ्या एका कानात तुझी शपथ आणि दुसऱ्यात तिची. नशीब दोन्ही कान निकामी आहेत. तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, चहाडी करायची नाही. म्हातारपणी ती वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मी शपथ मोडणार नाही. हौसाला मी त्या पायरीवर शेजारी बसलेली हवी आहे, मरेपर्यंत.

तर मी तुला काहीच सांगत नाही. फक्त एक काम सांगते. उद्या दुपारी विनायकला जेवायला बाहेर ने. जिथे लिफ्ट नाही आणि दोन-तीन जिने चढावे लागतात अशी जागा शोध. त्याला पुढे घाल, तू मागून चढ. घाई करू नकोस आणि बोलू नकोस. बघ.

मी 'नाही' म्हणाले होते ते अर्धंच माहीत असताना म्हणाले. ते धरून बसू नकोस.

तुझी
आते

*

बोर्दो
२६ मे २०२५

प्रिय आते,

जागा सापडली. जुन्या बाजाराजवळ तिसऱ्या मजल्यावर एक खानावळ आहे, अरुंद गोल जिना. मी मागे राहिलो.

पहिला मजला तो शीळ घालत चढला. दुसऱ्याला शीळ थांबली. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग कठड्याला धरून श्वास. बाबा ट्रकमधून उतरतात तसं. दुसऱ्या मजल्यावर तो बाहेरचं बघायला म्हणून थांबला. आते, तिथे नुसती भिंत होती.

पोट बिघडलं नव्हतंच. नाव काढून घेतलं ते गुडघ्यासाठी. मी त्याच खोलीत झोपत होतो आणि मला कळलं नाही. किंवा कळून घेतलं नाही, कारण मी पाठ करून बसलो होतो.

"मागनं का चढतोयस?" त्याने वळून न बघता विचारलं. "बाईंनी सांगितलं?"

मी म्हटलं, बाईंनी काहीच सांगितलं नाही, जिना चढ म्हणाल्या फक्त.

"मग आईनं बाईंना सांगितलं." आणि पायरीवर बसला. मी खालच्या पायरीवर बसलो. फेब्रुवारीत डॉक्टरने त्याला सांगितलंय, ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर या पातळीवर खेळता येणार नाही. फेब्रुवारीपासून तो गोळ्या घेऊन खेळतोय. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तू रुईचं कधी सांगतोस ते बघत होतो."

त्याला माहीत होतं, आते. रुईने आधी त्याला विचारलं होतं, तुरीनला, मॅच संपली त्याच संध्याकाळी. तुझा माणूस नेऊ का म्हणाला. विनायक म्हणाला, ने, पण मी हो म्हटलंय हे त्याला सांगू नकोस. मला कॉफीचं बोलावणं आलं तेव्हा हा खोलीत बूट पुसत बसला होता आणि मला म्हणाला होता, जा की, कॉफी फुकट मिळतीय.

मी चिडलो. पंधरा दिवस माझी मजा बघत पडून राहिलास का म्हटलं. तेव्हा तो जे बोलला ते तसंच लिहितो.

"मी जा म्हटलं असतं तर तू गेला नसतास. गुडघ्याचं कळलं असतं तर माझ्याबरोबर घरी आला असतास, लाजेनं. मला सोडून जायला तू स्वतः तयार व्हायला पाहिजे होतास. मग मलापण घरी जाता आलं असतं. दमलोय मी साईश."

त्याला मी कधी दमलोय म्हणताना ऐकलं नव्हतं. कोर्टावर पाच-पाच तास उभा राहिलाय माझ्याबरोबर. मी रडलो, मग तोही रडला, मग वरून एक बाई जेवून उतरली आणि आम्हाला दोघांना सरकून तिला वाट द्यावी लागली. वर जाऊन जेवलो. त्याने दोन वेळा आइस्क्रीम घेतलं.

रुईला हो कळवलं. विनायकने माझ्या फोनवरून स्वतः टाइप केलं, वर एक कुलेरही काढून पाठवली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मी म्हटलं, जायच्या आधी एक शेवटची स्पर्धा खेळू, कुठेही, कितीही लहान. तो म्हणाला गुडघा वाकतच नाही आता. म्हणजे तुरीनची मॅच आमची शेवटची होती. तिथे तो मातीत बसून हसत होता, तेव्हा त्याला ते ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

तो रविवारी मोपाच्या विमानतळावर उतरेल. हौसा मावशी माझ्याशी बोलेल का, ते विचारून कळव. मला थेट विचारायची हिंमत नाही.

तुझा
साईश

*

इब्रामपूर
४ जून २०२५

चि. साईश,

विनायक आला. विमानतळ आता आमच्या पेडण्यातच, म्हणून आणायला मीही गेले. जयवंत, हौसा आणि तुझा बाबा. बाबाने ट्रक न्यायचं म्हटलं होतं, त्याला आवरलं. विनायक चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर आला आणि हौसाने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मोठ्या मोठ्या बॅगावाले लोक वळसा घालून जात होते.

ऑपरेशन सोळा तारखेला पणजीला. साखळी गावातल्या एका शाळेने पोरांना शिकवायला बोलावलंय, पाय बरा झाला की जाईल. हेही त्याने फेब्रुवारीपासून पोटात ठेवलं होतं. पोट बिघडलं म्हणाला ते अगदीच खोटं नव्हे.

तुझा प्रश्न मी आज बाजारात हौसाला विचारला. तुझी शपथ होती, पण ती आता कुणाच्या कामाची नाही. सगळं सांगितलं, तू विचारत होतास काय करू, मी नाही म्हणाले, सगळं. ती भाजी-पाव खाता खाता थांबली. मला वाटलं आता ही उठून जाते. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, रडत बसू नगंस. दोघांतल्या एकाचं तरी पाय धड हायती न्हवं, त्यानं पळावं."

मग म्हणाली की तिलाही त्या दिवशी मी दिसले होते, मिरच्यांपाशी. माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर ती सगळं सांगून बसली असती, म्हणून पाठ फिरवली. मी म्हटलं, मीही तेच केलं. दोघी हसलो. तुम्ही दोघं कुणावर गेलात ते मला आज कळलं.

पळ तू. मी आता मनापासून सांगते. पहिल्यांदा नाही म्हणाले ते विनायकच्या मायेने, आता हो म्हणते तेही त्याच मायेने. तुझी माया वेगळी सांगायला नको.

तुझी
आते

*

लंडन
१ जुलै २०२५

प्रिय आते,

उद्या पहिली मॅच. बाहेरच्या बाजूचं कोर्ट आहे, बाकं मोजकीच, पण आत आहे. सकाळी सराव झाल्यावर मी वाकून गवताला हात लावला. रुईला वाटलं माझं काही पडलं. मी सांगितलं, लाल सिमेंटवरून आलोय, खात्री करून घेतो.

रुई चांगला आहे. वेळेवर येतो, मोजे वेगळे वाळत घालतो. आम्ही तोंडावर चेंडू धरून इंग्रजीत बोलतो. नऊ वर्षांनी पहिल्यांदा तोंड झाकतोय, चेंडूचा वास नाकात जातो. सर्व्हिस करायच्या आधी मी अजून विनायक उभा असायचा तिथे बघतो, मग आठवतं. सवय होईल, रुई म्हणतो. झाली नाही तरी चालेल असं मला मनातून वाटतं, ते त्याला सांगितलेलं नाही.

विनायकला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्याने प्रतिस्पर्ध्यांची सर्व्हिस कुठे पडते तेवढंच सांगितलं आणि ठेवला. कसा आहे तो, खरं सांग. तो मला सांगायचा नाही.

भारतात दुपार असेल. तुला आवाज ऐकू येणार नाही, तरी बघ.

साईश

*

डिचोली
३ जुलै २०२५

चि. साईश,

हरलास हे बघितलं. शेवटपर्यंत झुंजलास हेही बघितलं. धीर मी देत बसत नाही, तू विंबल्डनला हरलास, आपल्या घरात आजवर तिथे कुणी हरलेलंसुद्धा नाही. पत्र हौसाच्या घरून लिहिते आहे. काल बाजारातून थेट इथेच आले आणि रात्री राहिले.

विनायक कसा आहे म्हणून विचारलंस. खरं सांगते.

आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. जयवंत आणि तुझा बाबा खाली चटईवर, विनायक बाकावर, पाय स्टुलावर उशी घालून. त्याच्या उजवीकडची जागा रिकामी होती, तिथे मी बसले. मला आवाज नाही, म्हणून मी तुझ्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. मला वाटलं होतं तो बडबडेल, तुला शिव्या देईल. तसलं काही झालं नाही.

पहिला पॉइंट तुम्ही घालवलात. त्याने टीव्हीवरून नजर न काढता उजवा हात माझ्या बाजूला पुढे केला. मला वाटलं पाणी हवंय. तांब्या उचलून हातात दिला. त्याने तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ओशाळा होऊन तांब्या खाली ठेवला. पुढच्या पॉइंटनंतर परत हात आला. तेव्हा मला कळलं. तुम्ही दोघं पॉइंट जिंका नाहीतर हरा, प्रत्येक वेळी हाताला हात लावता. मी इतकी वर्षं बघत आले आणि मला ते खेळातलंच काहीतरी वाटायचं. त्या बाजूला तू असतोस. काल मी होते.

मी हात लावला.

मग प्रत्येक पॉइंटला लावला. पहिला सेट, दुसरा, तिसरा. सुरुवातीला आपण काय करतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. पुढे कळलं, त्याचे कान लाल झाले, तरी त्याने हात मागे घेतला नाही आणि मीही घेतला नाही. तुझा बाबा एकदा मागे वळून आमच्याकडे बघत राहिला, मग परत पुढे बघायला लागला. शेवटचा पॉइंट गेला तेव्हा तिकडे तू रुईच्या हाताला हात लावलास आणि इकडे विनायकने माझ्या. तेव्हा मात्र त्याने तो सोडला नाही. बातम्या लागल्या, जाहिराती लागल्या, तो बसून होता.

हौसाने आतून चहाला हाक मारली असावी, कारण जयवंत आणि तुझा बाबा उठून गेले. मी उठले नाही.

तुझी
आते